चार कमिट्या आणि एक सेमिस्टर

पत्र

ताई, मी पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत उदगीरला, मराठी माध्यमात शिकले. पहिल्याच आठवड्यात सिनिअर्सनी सांगितलं, ‘लॉमध्ये नुसत्या मार्कांना कोण विचारतं? सीव्ही बनव.’ म्हणून ग्रुपवर जे जे फॉर्म आले ते भरत गेले. आज मी अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा घेणारी मूट कोर्ट असोसिएशन, विधी साहाय्य कक्ष, डिबेटिंग सोसायटी आणि फेस्टची आयोजन समिती अशा चार ठिकाणी आहे. डिबेटिंगमध्ये वर्षभर टाइमकीपर होते, फेस्टसाठी स्पॉन्सर शोधत फिरते. मूटच्या इंट्रामध्ये, म्हणजे कॉलेजातल्या निवड स्पर्धेत, मला युक्तिवाद करणारी स्पीकर न करता रिसर्चर केलं. कारण कुणी सांगितलं नाही, पण माझं इंग्रजीच असणार. त्याच सुमारास विधी साहाय्याच्या मॅडमनी विचारलं, पुढच्या वर्षी सेक्रेटरी होशील का? रूममेट म्हणते, ‘लीगल एड सीव्हीवर कोण बघतं? सगळा वेळ मूटला दे.’ दोन विषयांत हजेरी साठ टक्क्यांच्या खाली गेलीय. घरी गेले की बाबा विचारतात, ‘तुमचं कॉलेज शिकवतं का नुसते कार्यक्रमच करतं?’ काय सोडू आणि काय धरू?

– क., पुणे

उत्तर

प्रिय क.,

आधी निकाल सांगते, कारणमीमांसा नंतर. फेस्ट आणि डिबेटिंग सोड. मूटमध्ये रिसर्चर म्हणून राहा, या वर्षापुरती. सेक्रेटरीपद घे, पण मॅडमना काही प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. ते प्रश्न कोणते, ते खाली येईलच.

त्याआधी हजेरी, कारण ती कमी पडली तर बाकीचं सगळं मुसळ केरात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांत प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के हजेरी सांगितलेली आहे. अपवादात्मक कारण असेल तर ६५पर्यंत सवलत. तू साठच्याही खाली आहेस. आता कुणीतरी सिनिअर तुला सांगेल, ‘अगं, दिल्ली हायकोर्टाने हजेरी काढून टाकलीय.’ तर तेवढं अर्धवट ऐकू नकोस. एका विधी विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर सुरू झालेल्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये म्हटलं, की केवळ हजेरी कमी म्हणून विधी विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये. मूट, वादविवाद, न्यायालयातली उपस्थिती यांनाही हजेरीत धरण्याचा विचार व्हावा. निकाल महत्त्वाचा आहे, जरूर वाच. पण तुझं कॉलेज पुण्यात आहे, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ऑफिसच्या खिडकीशी तो निकाल फडकावून काम होईल या भरवशावर सेमिस्टर काढू नकोस. आज ऑफिसात जा आणि दोन्ही विषयांचे आकडे लेखी घे. कमिटीच्या कामासाठी ज्या तासांना गैरहजर होतीस, त्यातल्या कशाकशाला ‘ऑन ड्युटी’ हजेरी मिळते ते विचार. स्पॉन्सर शोधायला हिंडलीस त्याला मिळणार नाही, हे मी आत्ताच सांगते.

आता निवडीकडे येऊ. तुझी रूममेट क्लब मोजते ते नावावरून: मूट मोठं, लीगल एड छोटं. मी एकच प्रश्न विचारते. इथे तू केलेलं काम कोण वाचतं, आणि चुकलं तर तुला कोण सांगतं?

हा प्रश्न चारही ठिकाणी लावून बघ. फेस्टच्या समितीत तुझं काम कुणी वाचत नाही, फक्त किती पैसे आले ते बघतात. स्पॉन्सरशिप मागणं हे कौशल्य आहे, नाही असं नाही, पण ते शिकायला लॉ कॉलेजची फी भरायची गरज नाही. डिबेटिंग चांगलं चालत असेल तर फार मोलाचं. विषय मिळाल्यावर पंधरा मिनिटांत बाजू बांधायची आणि सात मिनिटं उभं राहून ती टिकवायची, याने जीभ सुटते. पण तू तिथे वर्षभर घड्याळ धरून बसलीस. तुला बोलू दिलं नाही, की तू विचारलंच नाहीस, ते पत्रातून कळत नाही. दोन्ही असेल. आता त्याचा कीस काढत बसू नकोस, निघ.

सोडायचं कसं, यावर तुम्ही मुलं फार घाबरता असं मला दिसतं. सिनिअर दुखावतील, पुढे काही मिळणार नाही. फेस्टच्या समन्वयकाला एक सरळ मेसेज पाठव: हजेरी कमी झाल्यामुळे मी समितीतून बाहेर पडते आहे, माझ्याकडच्या स्पॉन्सरांची यादी आणि कुणाशी काय बोलणं झालं ते सोबत जोडलं आहे. काम अर्धवट टाकून गायब होणाऱ्यावर लोक रागावतात, काम हातात देऊन जाणाऱ्यावर कुणी फार काळ रागावत नाही. आणि कुणी ‘ब्लॅकलिस्ट’ वगैरेची भाषा केलीच, तर ती कमिटी सोडायला तेवढं कारण पुरे.

मूटवर जरा सविस्तर लिहिते, कारण तुझं दुखणं तिथे आहे.

पहिली गोष्ट, मूट ही कुठल्या असोसिएशनने उपकार म्हणून द्यायची वस्तू नाही. बार कौन्सिलच्या त्याच नियमांत मूट कोर्ट आणि इंटर्नशिप असा एक सक्तीचा प्रॅक्टिकल पेपर आहे. तीन मूट, प्रत्येकी १० गुण, म्हणजे ३०. एका दिवाणी आणि एका फौजदारी खटल्याचं कामकाज प्रत्यक्ष बघून लिहायचं, त्याचे ३०. पक्षकाराची मुलाखत, खटल्याची पूर्वतयारी आणि इंटर्नशिपची डायरी, त्याचे ३०. उरलेले १० तोंडी परीक्षेचे. तेव्हा उभं राहून बाजू मांडायची संधी तुला मिळणारच आहे, इंट्रात निवड होवो न होवो. हे एकदा डोक्यात बसलं की इंट्राच्या निकालाचं ओझं निम्मं होईल.

दुसरी गोष्ट, रिसर्चर म्हणजे स्पीकर न झालेली मुलगी, असा जो समज कॉलेजांतून पसरलाय तो वकिली न केलेल्यांनी पसरवलेला आहे. माझ्या ऑफिसात दरवर्षी इंटर्नशिपसाठी अर्ज येतात आणि त्यावर मूटच्या ओळी भरपूर असतात. मी एकच विचारते: या मूटमध्ये तुमचा मुद्दा काय होता, आणि समोरच्याकडे त्यावर सगळ्यात चांगलं उत्तर काय होतं? ट्रॉफी घेऊन आलेले काही जण इथेच अडखळतात. कारण मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, दुसऱ्याने लिहिलेलं असतं. ते लिहिणारा मात्र दोन्ही बाजू सांगतो, कारण स्पर्धेसाठी वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही बाजूंची मेमोरियल्स त्यानेच तयार केलेली असतात. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत तुझ्या वाट्याला नेमकं हेच येणार आहे: घटनाक्रमाची यादी, निवाडे शोधणं, सिनिअरच्या हातात वेळेवर योग्य पान देणं. उभं राहून युक्तिवाद त्यानंतर.

आता हे काम नीट कर म्हणजे काय, ते सांगते. निवाडा सापडला की तो आज उभा आहे का ते बघ. एडीएम जबलपूर हा आणीबाणीतला निवाडा १९७६चा. २०१७मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला. अशी नावं सगळ्यांना माहीत असतात म्हणून तिथे कुणी फसत नाही. फसतात ते कमी प्रसिद्ध निवाड्यांत. आणि १ जुलै २०२४पासून तर कलमांचे आकडेच बदलले. जुन्या भारतीय दंड संहितेतलं खुनाचं ३०२ आता नव्या भारतीय न्याय संहितेत १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ आहे. पण गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर जुनीच संहिता लागते, आणि मूट प्रॉब्लेममध्ये तारीख मुद्दाम सीमेवर ठेवणारे लोक असतात. जुनं मेमोरियल उघडून नावं बदलणाऱ्यांना ही तारीख दिसत नाही. तुला दिसली पाहिजे.

तिसरी गोष्ट इंग्रजीची. तू गृहीत धरलंयस की कारण तेच. असेलही. पण विचार. ‘माझ्या फेरीचे गुणपत्रक बघायला मिळेल का, पुढच्या वेळी काय सुधारू?’ एवढं विचारण्याचा तुला हक्क आहे, आणि ज्या असोसिएशनला गुणपत्रक दाखवता येत नाही तिच्या निवडीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पुढच्या इंट्रात पुन्हा स्पीकरसाठीच उभी राहा. तोवर आठवड्यातून एकदा आपल्याच मेमोरियलमधला एक मुद्दा मैत्रिणीसमोर मोठ्याने मांड आणि तिला दर दोन मिनिटांनी अडवायला सांग. खंडपीठ उच्चारांवर अडत नाही, ‘या मुद्द्याला आधार काय’ यावर अडतं. उच्च न्यायालयाचं कामकाज घटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालतं, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही, ती आलीच पाहिजे. तुला धीर द्यायचा म्हणून मी वेगळं काही सांगणार नाही.

पण त्याच नाण्याची दुसरी बाजू तुझ्या कॉलेजात कुणी सांगत नसणार. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तशी शासनाची अधिसूचना १९९८ची. शिवाजीनगरच्या न्यायालयात एक दिवस बसून बघ: साक्षीदार मराठीत बोलतो, पंचनामा मराठीत, फिर्याद मराठीत, सातबारा तर मराठीतच. इंग्रजी माध्यमातून आलेली चांगली हुशार मुलं ‘कब्जेवहिवाट’, ‘फेरफार’, ‘मुखत्यारपत्र’, ‘चतुःसीमा’ वाचताना अडखळतात. तुझ्या घरी ते कागद कपाटात असतील. आंतरराष्ट्रीय कायद्याची जेसप मूट स्पर्धा १९६०पासून चालू आहे, तिचं कौतुक व्हावं तेवढं थोडं, पण तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नव्हे, वडगाव मावळ नाहीतर बारामतीच्या न्यायालयात उभी राहणार आहेत. मूट असोसिएशनला सुचवून बघ, इंट्रात एक फेरी मराठीत ठेवा: दिवाणी दावा, तात्पुरत्या मनाईचा अर्ज, दोन्ही बाजू मराठीत. कोण स्पीकर होतं ते बघू.

आता विधी साहाय्य कक्ष. रूममेट म्हणते ते पूर्ण खोटं नाही. बऱ्याच कॉलेजांत हा कक्ष ९ नोव्हेंबरला जागा होतो. त्या दिवशी १९९५ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा अमलात आला म्हणून विधी सेवा दिन असतो: प्रभातफेरी, पथनाट्य, फलकामागे उभं राहून फोटो. मग २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, पुन्हा तोच फलक. त्यानंतर थेट पुढचा नोव्हेंबर. अशा कक्षाची सेक्रेटरी होण्यात काही अर्थ नाही, आणि सीव्हीवर ते कुणी बघत नाही हे योग्यच आहे.

पण तो तसाच असायला हवा असं नाही. प्रत्येक विधी महाविद्यालयाने एका ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली असं केंद्र चालवलंच पाहिजे, असं बार कौन्सिलचे नियम सांगतात. घटनेत ३९-अ अनुच्छेद १९७६मध्ये आला, मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकणारा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याला यंत्रणा दिली, आणि त्या कायद्याच्या चौथ्या कलमातच विधी महाविद्यालयांतल्या अशा केंद्रांचा उल्लेख आहे. म्हणजे कागदावर तुमचा कक्ष पक्क्या पायावर उभा आहे. प्रश्न एवढाच, की तिथे माणसं येतात का.

म्हणून मॅडमना पहिला प्रश्न हा विचार: नोंदवही आहे का, आणि गेल्या वर्षभरात तिच्यात किती माणसांची नोंद झाली? कार्यक्रमांची नव्हे, माणसांची. नाव, काय अडचण, काय सांगितलं, पुढे काय झालं. ‘पुढे काय झालं’ हा रकाना रिकामा असेल तर तो भरायचं काम तुझं. नोंदवहीच नसेल तर पहिल्या दिवशी ती सुरू कर. आणि ती कुलुपात ठेव. पोटगीसाठी आलेल्या बाईचा फोटो कक्षाच्या इन्स्टाग्रामवर जाता कामा नये, मग चेहरा झाकलेला असो वा नसो.

दुसरा प्रश्न: आपलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी प्रत्यक्ष नातं काय? कारण तुम्ही विद्यार्थी आहात, वकील नाही. वकीलपत्रावर सही करता येत नाही, न्यायालयात उभं राहता येत नाही, आणि आपल्या जोरावर सल्ला ठोकून द्यायचाही नाही; जे सांगायचं ते देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांनी किंवा पॅनेलवरच्या वकिलांनी तपासल्यावर. तुम्ही करू शकता ते म्हणजे माणसाचं म्हणणं ऐकून सरळ मराठीत लिहून काढणं, कागद तारखेप्रमाणे लावणं, आणि मोफत वकिलाचा अर्ज भरून योग्य टेबलापर्यंत पोचवणं. हे छोटं वाटतं. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळू शकतो, हे शहरात शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं. मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग, कोठडीतले लोक, औद्योगिक कामगार यांनाही तो हक्क आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची उत्पन्न मर्यादा. पुढे विधी स्वयंसेवक म्हणून प्राधिकरणाकडे नाव नोंदवता येईल. त्यात विधी विद्यार्थ्यांना जागा आहे, आणि त्याचं प्रशिक्षणही मिळतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो सहसा कुणी विचारत नाही: सुट्टीत काय होतं? कॉलेज परीक्षा आणि सुट्ट्यांवर चालतं, मुदती तशा चालत नाहीत. समज, मार्चमध्ये एक भाजीवाला न वटलेला चेक घेऊन येतो. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते उलटले की एक महिन्याच्या आत फिर्याद. यात एप्रिल-मे सगळे निघून जातात. तुम्ही त्याला सांगितलं, ‘परीक्षा झाल्यावर या’, तर तुम्ही त्याचं काम केलं नाही, नुकसान केलं. फिर्यादीला झालेला उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी पुन्हा न्यायालयासमोर कारण द्यावं लागतं, आणि ‘कॉलेजची मुलं सुट्टीवर होती’ हे कारण तो बिचारा कुठल्या तोंडाने देणार? म्हणून मुदतीचं प्रकरण आलं की कक्षात ठेवायचंच नाही; त्याच दिवशी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे न्यायचं आणि पोच घ्यायची. सुट्टीत कक्षाच्या दारावर प्राधिकरणाचा पत्ता आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक मराठीत लिहिलेला असावा. ही एवढी व्यवस्था मॅडम मान्य करत असतील तर पद घे. नसतील तर साधी सदस्य राहा आणि जमेल तेवढं नीट कर.

इथे माझा मूळ प्रश्न पुन्हा लाव. तू लिहिलेला अर्ज प्राधिकरणातला माणूस वाचतो. चूक असेल तर परत पाठवतो. आणि ज्याच्यासाठी लिहिलास तो पुन्हा येऊन सांगतो, झालं किंवा झालं नाही. पक्षकाराची मुलाखत आणि खटल्याची पूर्वतयारी यांना तुझ्या प्रॅक्टिकल पेपरात ३० गुण आहेत हे वर लिहिलंच. बाकीचे विद्यार्थी तिथे काल्पनिक पक्षकार रंगवतात, तुझ्याकडे खरे असतील. नावं बदलून, अर्थात.

एक क्लब तुझ्या यादीत नाही आणि मला तो असावासा वाटतो: कॉलेजच्या जर्नलचं संपादक मंडळ. आत्ता नको, तिसऱ्या वर्षी. तळटिपा तपासायचं काम कंटाळवाणं असतं आणि त्यासारखी शिस्त दुसरी नाही. तोवर सहा महिन्यांत एका निकालावर चार पानी टिप्पणी लिही आणि तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखव. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचं प्रकरण तुम्ही फौजदारी कायद्यात शिकालच. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातली घटना, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी त्या निकालावर सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर चळवळ उठली आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. निकाल ओळीओळीने वाचून तो कुठे चुकला हे सांगणारं लेखन कसं असतं, त्यासाठी ते पत्र वाच. आणि ‘अडीच हजार भरा, तीन दिवसांत पेपर छापून प्रमाणपत्र देतो’ असे मेसेज येतात ना, ते डिलीट कर. तिथे तुझं लिखाण कुणीच वाचत नाही, छापणाराही नाही.

पैशांवरून आठवलं. मूटचा प्रवास, मेमोरियलच्या रंगीत प्रती, स्पर्धेची फी, हे सगळं मिळून बरंच होतं, आणि टीममध्ये ते समान वाटून घ्यायची पद्धत असते. तुला जड जात असेल तर निवड झाल्या झाल्या सांग, तिकिटं काढायच्या दिवशी नव्हे. कॉलेज कुठल्या स्पर्धांचा खर्च देतं ते प्राचार्यांच्या ऑफिसात विचार. ज्या स्पर्धेला कॉलेज पैसे देत नाही आणि जिचं नाव कुणी ऐकलेलं नाही, तिला न गेल्याने काही बिघडत नाही.

आणि बाबांचं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला टोमणा समजू नकोस. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा घरातला एखादा जुना फेरफार किंवा खरेदीखत काढ आणि त्यांच्याकडून समजून घे: कुणाकडून कुणाकडे जमीन गेली, वारस कोण लागले, कुठली नोंद राहिली. त्यांना माहीत असलेलं बरंच तुझ्या पुस्तकात नाही, आणि विधी साहाय्य कक्षात येणाऱ्या माणसांचे निम्मे कागद असेच असतात.

मॅडमना भेटायला जाशील तेव्हा वरचे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून ने. चौथा एक राहिला: तू पद सोडशील तेव्हा नोंदवही कुणाकडे जाईल, ते आत्ताच ठरवून घे. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीला पहिल्या दिवसापासून सोबत बसव, म्हणजे तुझ्या चौथ्या वर्षी, इंटर्नशिपचे आठवडे भरायची घाई सुरू होईल तेव्हा, कक्षाला कुलूप लागणार नाही.

तुझी,
ताई